दुधाच्या ओट्यामागची आठ हरणं

२९ ऑक्टोबर, रविवार

उन्हाळी वेळ संपली, घड्याळं एक तास मागे घ्यायचा दिवस. स्वयंपाकघरातलं, मनगटावरचं, शेगडीवरचं आणि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भिंतीवरचं अशी चार झाली. पाचवं आईचं, लंबकाचं. ते मागे फिरवायचं नसतं, तासभर थांबवून ठेवायचं असतं. लंबक धरला की घर एवढं गप्प होतं, की आपलाच श्वास परका वाटतो. मग मी त्या तासात घरात बसत नाही.

बादली घेऊन दुधाच्या ओट्यामागे जाऊन आलो. चाळीस वर्षं मी दूधगाडी चालवली, रस्त्याकडेच्या या ओट्यावरचे कॅन रोज सकाळी उचलले. संध्याकाळी त्याच ओट्यावर आम्ही पोरं-पोरी पाय हलवत बसायचो. माझ्या वर्गातली हिल्क्का डाव्या कोपऱ्यात. फळ्या आता हिरव्या पडल्यात, पण उभा आहे. सप्टेंबरात मी हरणांच्या चाऱ्याची जागा टेकडीमागून इथे आणली. गुडघा टेकडी चढू देत नाही हे खरं, पण इथे आणायला गुडघा हे एकच कारण नव्हतं.

हान्नु आमच्या शिकार मंडळाचा अध्यक्ष. त्याने जूनमध्ये मला कॅमेरा दिला, तोही इथल्या बर्चच्या झाडाला बांधला. समोरून काही हललं की फोटो. ओट, वाटाणे, गाजरं टाकतो, आणि अंधारून येताना टेकडीकडून आठजणी येतात, रस्ता ओलांडून, एकीमागे एक, शाळेतून सुटल्यासारख्या. पुढे फाटक्या कानाची म्हातारी मादी. दोन वर्षं झाली, मचाणावर बसतो, बंदूक मांडीवर असते, पण चाप ओढवत नाही. हान्नु म्हणतो, "कविराज, हे शिकार मंडळ आहे, खानावळ नाही."

९ नोव्हेंबर, गुरुवार

 अक्षर वाचता येणार नाही उद्या, तरी लिहितो.

गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप. हिल्क्का दर गुरुवारी पाचला पातेलं घेऊन येते. तिचा नवरा गेल्यापासून नऊ वर्षं, एकही गुरुवार चुकला नाही. मी दोन थाळ्या मांडून रेडिओवरच्या पाचच्या बातम्यांची वाट बघत होतो. बातम्या लागायच्या आत बाहेर आवाज झाला. आदळल्याचा नव्हे, काहीतरी दडपल्याचा. मग हॉर्न, थांबेचना.

चपलांवरच धावलो. गुडघा कुठे होता आठवत नाही. ओट्याच्या अलीकडे तिची लाल गाडी खड्ड्यात नाक खुपसून, काच पांढरीफटक, एक दिवा झाडाच्या शेंड्याकडे रोखलेला. ती आत, सरळ बसलेली, शाळेत बसायची तशी.

"उन्तो," ती म्हणाली, "सूप गेलं."

"सूप मरू दे, हिल्क्का. दुखतंय कुठे?"

"मरू दे काय? रात्रभर वाटाणे भिजवले होते. सगळं मागच्या सीटवर." मग हळूच, "पाय माझा वाटत नाही रे."

तिच्याच फोनवरून मदत मागवली आणि तिचा हात धरून बसलो. बर्फासारखा. ती म्हणाली, कविता म्हण. मला एक ओळ आठवेना. त्या थंडीतल्या घोड्याची, तिसरीतली, जी मी दरवर्षी मंडळाच्या मेजवानीत म्हणतो, तीही नाही. मदतीची गाडी आली तेव्हा त्यांच्या कागदावर पाहिलं, फोन गेला होता १६:५६ला.

गाडीला धडकून पळालेल्या जखमी हरणाच्या मागावर हान्नु कुत्रा घेऊन गेला. तासाभराने आला, म्हणाला, "सापडली. जुनी मादी होती. संपवली."

घरी दोन थाळ्या तशाच आहेत. मला त्या उचलवत नाहीत.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

खुब्याचं हाड आणि मनगट. ऑपरेशन झालं. तिची लेक तुर्कूहून आली, फोनवर रडत होती.

चाळीस वर्षं या रस्त्यावर दूध नेलं, बर्फात, धुक्यात, डिसेंबरच्या काळोखात. या सरळ पट्ट्यात एकही हरिण माझ्या गाडीसमोर आलं नाही. आता कुठून आलं? मी सुन्न आहे. विचार करतो तेवढं जास्त सुन्न होतो.

दुपारी हान्नुचा फोन. "उन्तो, तुमची ती नवी जागा रस्त्यापासून किती लांब?"

"दीडशे मीटर. का?"

"विचारलं नुसतं."

नुसतं कोणी विचारत नाही. मी रागाने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आणलं आणि संगणकात घातलं. देवा, केवढं हायसं वाटलं! कालचे फोटो: पहिला १६:४४, शेवटचा १७:४६. दोन्हींत आणि मधल्या सगळ्यांत आठच्या आठ. फाटक्या कानाची अगदी पुढे, ओटात तोंड खुपसून. हिल्क्का खड्ड्यात होती तेव्हा माझी आठही जेवायला बसली होती. मी मोठ्याने म्हणालो, "माझी नव्हती!" ऐकायला घरात कोणी नव्हतं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

पातळ बर्फ पडला. सात आल्या. फाटक्या कानाची चार दिवस नाही. रुसली असेल. गेल्या वर्षीही दोन दिवस रुसली होती.

कार्डात माझाही फोटो आहे, बादलीसकट. १५:२०. हसूच आलं. मी दोनच्या बातम्या संपल्या की निघतो, सरळ ओट्यामागे जातो. म्हणजे घरापासून तिथपर्यंत एक तास? पूर्वी दहा मिनिटं लागायची. मध्ये उभा राहून काय बघत असतो कोण जाणे. म्हातारपण असं गपचूप तास खातं.

१९ नोव्हेंबर, रविवार

मंडळाची तातडीची सभा, शाळेच्या जुन्या इमारतीत. मी जिथे पहिलीत बसलो त्याच खोलीत.

हान्नु उभा राहिला. "रस्त्याच्या दोन बाजूंना दोन जागा आहेत. अलीकडे उन्तोची, पलीकडे ताउनोची. माझं म्हणणं, वसंतापर्यंत दोन्ही बंद."

ताउनो माझा शेजारी, माझ्याच वयाचा. रस्त्याच्या पलीकडे जंगलात आत त्याची जागा, त्याच्या बापाच्या काळापासून. दर शनिवारी आम्ही एका सौनात बसतो. तो टोपी गुडघ्यावर ठेवून होता.

मी फोटो छापून नेले होते. टेबलावर मांडले. "हे बघा वेळ. सोळा चव्वेचाळीस ते सतरा शेहेचाळीस. गाडी आदळली सोळा छप्पन्नच्या आधी. मोजा. आठ. एकही कमी नाही."

सगळे वाकून मोजू लागले. कोणीतरी म्हणालं, "हा पुरावा झाला बुवा."

"ताउनो, तुमच्याकडे काय?" हान्नुने विचारलं.

"माझ्याकडे कॅमेरा नाही. मला डोळे आहेत."

"त्या वेळी डोळे कुठे होते?"

"गोठ्यात. गाय व्यायली होती." तो माझ्याकडे वळला. "माझ्याकडे चारच येतात, आणि त्या जंगलातच असतात. रस्ता कशाला ओलांडतील?"

 हात वर झाले. ताउनोची जागा बंद, मचाणही बंद. माझी चालू. मी हात वर केला का? केला. फोटो तर फोटो आहेत.

२५ नोव्हेंबर, शनिवार

सौना तापवला. ताउनो आला नाही. दगडांवर एकट्याने पाणी टाकायला विचित्र वाटतं.

ताउनोकडच्या चारही आता माझ्याकडे येऊ लागल्यात. अकरा झाल्या! टेकडीकडून रस्ता ओलांडून लांब रांग; ती दिसावी म्हणून कॅमेरा ओट्याजवळच्या बर्चवर आणला. फोटोत आठ डोळे जास्त चमकतात. फाटक्या कानाची अजून रुसलेलीच.

६ डिसेंबर, बुधवार

आमचा स्वातंत्र्यदिन. संध्याकाळी सहाला सगळीकडे खिडकीत दोन मेणबत्त्या. मी माझ्या दोन ओट्यावर लावल्या. वडील असेपर्यंत आम्ही तिथेच लावायचो, गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. खिशात छोटा रेडिओ होता, सहाचा ठोका ऐकला आणि काडी ओढली. वारा नव्हता, दोन ज्योती सरळ उभ्या. हिल्क्का असती तर म्हणाली असती, टोपी घाल.

७ डिसेंबर, गुरुवार

मी हे लिहून ठेवतो, कारण उद्या मी ते माझं मलाच नाकारेन.

सकाळी कार्ड पाहिलं. मेणबत्त्यांचा फोटो आहे. माझा काडीवाला हात, दोन ज्योती, बर्फ. कोपऱ्यात वेळ: १९:००.

सहा होते. रेडिओचा ठोका माझ्या छातीवर, खिशात वाजत होता. इथे म्हातारपणाचा तास नाही, वाटेत उभं राहणं नाही. सहा म्हणजे सहा. कॅमेरा म्हणतो सात.

ऑक्टोबरात मी पाच घड्याळं मागे घेतली. सहावं झाडावर होतं.

 मग नोव्हेंबरचे फोटो पुन्हा काढले आणि प्रत्येकातून एक तास वजा केला, पेन्सिलीने, बोटं मोजत. पहिला १५:४४. शेवटचा १६:४६. त्यानंतर त्या निघाल्या, पोट भरून, रांगेत, फाटक्या कानाची पुढे, रस्त्याकडे. आणि चारपाच मिनिटांवर हिल्क्का सूप घेऊन येत होती. माझ्याकडे.

हान्नुला फोन केला. आवाज दुसऱ्याचाच निघाला. "त्या मादीचा कान कसा होता?"

"कुठल्या?"

"हिल्क्काच्या गाडीची."

"डावा फाटलेला. का हो?"

"विचारलं नुसतं."

२४ डिसेंबर, रविवार

नाताळची पूर्वसंध्या. कोणाला सांगितलेलं नाही. सतरा दिवस. ओट टाकणंही बंद केलेलं नाही. बर्फ गुडघ्याएवढा आहे, एकदम बंद केलं तर त्या उपाशी रस्त्यावरच घुटमळतील असं स्वतःला सांगतो. हे खरंही आहे. पण मी फक्त त्यांच्यासाठीच गप्प आहे का? सांगितलं तर जागा जाईल, आणि जागा गेली की संध्याकाळी माझ्याकडे कोणी यायचं उरत नाही. हिल्क्का तर कधीच परत... हे वाक्य पुरं करत नाही.

दफनभूमीत दिवे लावायला गेलो. ताउनो दोन रांगा पलीकडे होता. मान हलवली. मी हलवली.

१४ जानेवारी, रविवार

हिल्क्काला भेटायला बसने गेलो. आता ती पुनर्वसनाच्या दवाखान्यात आहे, चाकांच्या चौकटीला धरून बारा पावलं चालते. बारा पावलं मोजून दाखवली.

"गाडी आता नाही," ती म्हणाली. "लेक म्हणते तुर्कूला चल, तिच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर खोली आहे. तिथून झाड एक दिसतं. एकच."

"कधी?"

"फेब्रुवारीत. तोंड असं काय करतोस? दुधाचा कॅन लवंडल्यासारखं."

मग तिने सांगितलं. ताउनो येऊन गेला होता. त्याच्या बागेतली सफरचंदं घेऊन, कोट न काढता उभा. म्हणाला, माझ्या चाऱ्यामुळे झालं, हिल्क्का, मला माफ कर. आणि रडला. ताउनो! ज्याने बापाच्या मातीला दात आवळून खड्डा बुजवला, तो ताउनो.

"मी म्हटलं, अरे वेड्या, हरणांना काय शाळेत घातलंय तू? पण त्याला पटेना. खूप खचलाय रे."

मी सांगायला तोंड उघडलं. नर्स गोळ्या घेऊन आली. मी तोंड मिटलं. एवढाच मी.

निघताना ती म्हणाली, "शनिवारच्या मेजवानीला लेक मला घेऊन येणार आहे. घोड्याची कविता म्हणशील ना? शेवटची ओळ विसरशील, मी सांगेन. नेहमीसारखी."

तिसरीपासून शेवटची ओळ मी विसरतो. ती खालच्या बाकावरून कुजबुजायची. बाई म्हणायच्या, या दोघांना मिळून एक पूर्ण कविता येते.

२० जानेवारी, शनिवार

मेजवानी झाली. ज्यांच्या जमिनीवर आम्ही शिकार करतो त्यांना वर्षातून एकदा हरणाचं सूप वाढायचं, ही मंडळाची रीत. शाळेची खोली गच्च. मोठी कढई, काळा पाव, वेलदोड्याचे गोड पाव, कॉफीची किटली कधी रिकामी नाही. हिल्क्का पहिल्या रांगेत, चौकटीचा आधार समोर. ताउनो दाराशी, पळून जायला सोपं पडावं तसा.

हान्नु म्हणाला, "आता आपले कविराज. घोडा!"

टाळ्या. मी उभा राहिलो. खिशातला कागद काढला. घोड्याचा नव्हता. वाचू लागलो. आवाज शाळेतल्यासारखाच निघाला, सरळ आणि मोठा.

"नऊ नोव्हेंबर. पंधरा चव्वेचाळीस, आठ हरणं. पंधरा एकोणसाठ, आठ. सोळा दहा, आठ. सोळा तीस, आठ, फाटक्या कानाची पुढे. सोळा शेहेचाळीस, आठ, निघायच्या तयारीत."

मागून कोणीतरी हसलं. मग हसणं थांबलं. हान्नुच्या हातातला वाडगा तिथेच राहिला. सभेत तोही त्या फोटोंवर वाकून मोजत होता.

"माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागे घ्यायचं राहिलं होतं," मी म्हणालो. "सभेत मी दाखवलेली प्रत्येक वेळ एक तास पुढची होती. ताउनोकडचं एकही हरिण रस्त्यावर नव्हतं."

एवढं म्हणून थांबलो. पुढचं येईना.   मी कागद घडी करायला लागलो.

"उन्तो." हिल्क्काचा आवाज, खालून. कुजबुज नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "शेवटची ओळ राहिली."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला तेव्हाच, त्या खोलीतच सगळं कळलं होतं, आणि तरी ती मला विसरू देत नव्हती.

"जागा मी रस्त्याजवळ आणली," मी म्हणालो. "गुडघ्यासाठी, आणि त्या ओट्यासाठी. मरण पावलेली मादी माझ्या चाऱ्यावरची होती. सात डिसेंबरला मला कळलं. मी दीड महिना गप्प बसलो."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताउनो दारापासून चालत आला, माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं मारणार. मारायला हवं होतं.

तो म्हणाला, "चाळीस वर्षं दूध मिनिटाला मिनिट आणायचास. म्हणून मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुझ्या घड्याळावर विश्वास ठेवला. मला वाटलं, माझंच चुकलं असेल." टोपी घातली आणि निघून गेला. त्याचं सूप टेबलावर निवत राहिलं.

हिल्क्का लेकीच्या हाताला धरून बाहेर पडली तेव्हा माझ्याशी बोलली नाही. गाडीत बसताना एकदा मागे पाहिलं. त्याचा अर्थ मला लावता येत नाही.

२२ जानेवारी, सोमवार

हान्नु ट्रॅक्टर घेऊन आला. ओट्यामागचा राहिलेला चारा, फावड्याने बर्फासकट, सगळा उचलला. ओट-वाटाण्याची पोती ताउनोच्या जागेवर नेऊन टाकली. ती जागा पुन्हा चालू झाली. टेकडीकडच्या हरणांना तिथे जायला रस्ता ओलांडावा लागत नाही.

"तुमच्यावर एकट्यावर टाकत नाही मी," हान्नु म्हणाला. "तो कॅमेरा जूनमध्ये मीच लावून दिला होता. ऑक्टोबरात मलाही सुचलं नाही."

"फोटो टेबलावर मी मांडले."

"हो," तो म्हणाला. "ते तुम्ही मांडले."

बर्चवरून कॅमेरा काढला. घड्याळ कसं लावायचं ते माहितीपुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर आहे. एक मिनिटसुद्धा लागत नाही.

२५ जानेवारी, गुरुवार

काल वाटाणे भिजवले. आयुष्यात पहिल्यांदा. सूप करपलं तळाला, पण वरचं बरं आहे. पातेलं फडक्यात बांधलं, टोपी घातली आणि साडेतीनला बसथांब्यावर, म्हणजे ओट्यापाशी उभा राहिलो. ती दारातून आत घेईल की नाही माहीत नाही. फोन केला नाही. फोनवर मी पुन्हा काहीतरी विसरलो असतो.

बस आली नाही. बर्फामुळे. पातेलं ओट्यावर ठेवलं, डाव्या कोपऱ्यात.

ताउनोची गाडी आली. पुढे गेली. वीस-तीस मीटरवर थांबली, आणि हळूहळू मागे आली. त्याने काच खाली केली. माझ्याकडे पाहिलं नाही, पातेल्याकडे पाहिलं.

"दवाखान्यात?"

"हो."

"चढ."

मी चढलो, पातेलं मांडीवर.  टेकडीच्या पायथ्याशी त्याने वेग कमी केला, दोन्ही बाजूंना नीट बघितलं. जंगलात आत, त्याच्या जागेकडे, काही पाठी हलत होत्या. तो मोजत होता. मीही मोजत होतो.

"किती वाजले, कविराज?" त्याने विचारलं. सगळ्या गावाने ऐकावं असा आवाज होता, आणि गाडीत आम्ही दोघेच.

मनगटावर घड्याळ होतं. मी बाहीखाली झाकलं.

"तू सांग," मी म्हणालो.